ईपीए स्विम 5.2: पाण्याला पक्कं, गाळाला कच्चं

लेआउटच्या पावसाळी गटारांची डिझाइन्स करणं हा माझा रोजचा व्यवसाय. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, जिकडं प्लॉट पडतात तिकडं माझं काम. त्यासाठी मी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, स्विम हे सॉफ्टवेअर वापरते; पाऊस पडल्यावर गटारांत किती पाणी येईल नि ते कसं वाहील याचं गणित ते करतं. नवीन पोरं सारखी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहिते.

पैसे लागत नाहीत. पहिली आवृत्ती 1971 ची, आणि आज सोर्स कोडसुद्धा खुला आहे. लायसन्स नाही, दरवर्षीचं रिन्यूअल नाही, साध्या लॅपटॉपवर चालतं. छोट्या ऑफिसला याचं मोल फार.

उघडल्यावर आधी एकक बदला, कारण प्रवाह सेकंदाला घनफुटात असतो. एलपीएस (सेकंदाला लिटर) निवडलं की सगळं मेट्रिक होतं, पण पाइपाचा व्यास मीटरमध्ये द्यायचा: 450 मिमी म्हणजे 0.45. आणि राउटिंगला, म्हणजे पाइपातून पाणी पुढं नेण्याच्या गणिताला, डायनॅमिक वेव्ह हीच पद्धत घ्या. नाला भरला की पाणी पाइपातून उलटं चढतं, ते कायनेमॅटिक वेव्ह या सोप्या पद्धतीत दिसतच नाही. रन झाल्यावर कंटिन्युइटी एरर, म्हणजे पाण्याच्या जमाखर्चातली तफावत, बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. ती दहा टक्क्यांच्या वर गेली तर त्या निकालावर विसंबू नये.

जमिनीचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं. पाणी मुरण्याच्या ग्रीन-अँप्ट पद्धतीत चिकणमातीसाठी मॅन्युअल तासाला 0.25 मिमी मुरण देतं. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिला पाऊस त्यातच गडप होतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरून पळायला लागतं. हा बदल सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. मी वळवाचा आणि सप्टेंबरचा पाऊस वेगवेगळे चालवते.

पाण्याच्या गुणवत्तेचा भाग मला मनापासून आवडतो. कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ, तेल, कचरा किती साचतो आणि पावसाने किती धुऊन निघतो, अशी दोन समीकरणं आहेत. पावसाआधी किती दिवस कोरडे गेले तेही भरता येतं, आणि सोलापुरात तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. महिनोन्‌महिने थेंब नाही, मग एकदम सरी. मी एका आउटफॉलवर, म्हणजे गटाराचं पाणी बाहेर पडतं तिथं, उभं राहून दर पाच मिनिटांनी बाटल्या भरल्या होत्या. पहिल्या बाटलीतलं पाणी दुधाच्या चहासारखं, शेवटच्या बाटलीतून पलीकडचं दिसत होतं. मॉडेलचा आलेखही तसाच चढला नि उतरला. पण मोजमाप न करता मॅन्युअलमधले आकडे टाकाल तर मिळालेल्या मिलिग्रॅमला काही अर्थ नाही. नमुने घ्यायची सोय नसेल तर सरळ ईएमसीची, म्हणजे पूर्ण पावसासाठी पाण्यातल्या प्रदूषणाचं एकच सरासरी प्रमाण धरायची पद्धत घ्या.

आता गाळ. आपल्या गटारांचं खरं दुखणं हेच, आणि इथंच हे सॉफ्टवेअर कमी पडतं. पाइपातलं प्रदूषण ते पूर्ण ढवळलेलं धरतं. त्यामुळे वाळू-माती उतार कमी झाल्यावर तळाशी बसते, जोराच्या पाण्याने पुन्हा उठते, हे गणित त्यात नाही. चेंबरवर निवळण्याचं समीकरण लिहिता येतं, पाइपात नाही. इन्फोवर्क्स आयसीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते सगळं आहे, पण त्याला पैसे मोजावे लागतात.

त्यातल्या त्यात उपाय आहे: पाइपाच्या आकारात ‘फिल्ड सर्क्युलर’ (तळ भरलेला गोल पाइप) निवडून तळाच्या गाळाची जाडी देता येते. एका जुन्या वस्तीत आम्ही झाकण काढून मोजपट्टी आत सोडली. 450 च्या पाइपात 150 मिमी घट्ट गाळ. म्हणजे 29 टक्के क्षेत्रफळ गेलं, आणि वहनक्षमता त्याहून जास्त घटली. तो आकडा टाकून चालवलं तर वरचे दोन चेंबर तुंबलेले दिसले, आणि तिथल्या लोकांनी बोट दाखवलेली जागाही तीच. नालेसफाईच्या आधी आणि नंतर अशी दोन चित्रं शेजारी ठेवली की कुठली लाइन आधी साफ करायची यावर बैठकीत वाद राहत नाही.

पाचपैकी चार. नवीन लेआउटला डोळे झाकून घ्या. जुन्या पेठांच्या कामाला घेणार असाल तर चेंबर उघडायला माणसं आणि त्यांच्यासाठी गॅस तपासायचं यंत्र यांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.