सवयींची नोंद ठेवणारे अ‍ॅप : वर्षभराच्या वापरानंतर

घरातील जमिनीचे जुने मोडी कागद स्वतःला वाचता यावेत, यासाठी रोज अर्धे पान मोडी लिहिण्याची सवय लावून घ्यायची, असे ठरवून मी गेल्या वर्षी एका अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरली. अशा अ‍ॅपमध्ये काय असते ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थेट तक्रारीकडे वळतो.

बॅटरी फुगल्यामुळे फोन काही दिवस दुरुस्तीला होता. वहीतला सराव मात्र चालूच होता : आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग शक्यतो हात न उचलता त्यांखाली अक्षरे लिहीत जायची. फोन परत आला तेव्हा अ‍ॅपमधील साखळी, म्हणजे सलग किती दिवस सवय पाळली त्याची मोजणी, शून्यावर आली होती, आणि मागील तारखेची नोंद एका दिवसापलीकडे करता येत नव्हती. ग्राहक सेवेला वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवली, तर ‘साखळी वाचवा’ ही सुविधा वेगळे पैसे भरून घ्यावी, असे उत्तर आले. वर्षाचे पैसे आधीच मोजलेल्या माणसाला हे ऐकवणे म्हणजे निव्वळ आगाऊपणा आहे.

शिवाय या शून्याला शास्त्राचाही आधार नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, व्यक्तीनुसार ही मुदत १८ ते २५४ दिवस असू शकते आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असे आढळले होते. अ‍ॅप मात्र ‘२१ दिवसांत सवय’ म्हणून पाठ थोपटून घेते.

तरीही एका गोष्टीचे श्रेय द्यावेच लागेल. नोंदणीच्या वेळी ‘कशानंतर?’ असा एक रकाना होता, त्यात मी नाक मुरडतच ‘सकाळच्या चहानंतर’ असे लिहिले होते. अ‍ॅप रात्री नऊला करून देत असलेली आठवण मी रोज बोटाने बाजूला सारत असे. चहाचा कप खाली ठेवला की मात्र हात आपोआप वहीकडे जाऊ लागला. फोन नसतानाही सराव टिकला तो यामुळेच, म्हणजे अ‍ॅपने आपले काम चोख केले आणि स्वतःची गरजही संपवली. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसल्यामुळे नावांशी अजून अडखळतो, पण चतुःसीमा वाचता येतात.

ऑटोपे बंद केले आहे. खुणा आता स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी होतात; खाडा पडला म्हणून दूधवाला महिन्याचा हिशेब शून्यावर आणत नाही. नव्याने घेणाऱ्यांनी विनामूल्य आवृत्तीच घ्यावी. तिच्यात तीनच सवयी नोंदवता येतात, पण तो रकाना तिच्यातही आहे.