भर पावसात निघायचं, की वाट वाळेपर्यंत थांबायचं?

माउंटन बाइक घेऊन मुसळधार पावसात निघावं की नाही, हे बहुतेक जण आभाळाकडे बघून ठरवतात. माझ्या मते आधी पायाखालची माती बघावी. एकाच पावसात एक वाट सुरेख चालते आणि दुसरीवर चाक फिरेनासं होतं.

वाळूमिश्रित किंवा खडकाळ वाट असेल, तर खुशाल भर पावसात निघा. वाळूतून पाणी झटकन निचरतं. कोरडेपणी भुसभुशीत असणारी वाळू ओली झाली की घट्ट बसते आणि वळणावर टायरला चांगली पकड मिळते. खरबरीत खडकावरही ओल्यात बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. गुळगुळीत किंवा शेवाळलेल्यावर मात्र नाही. आणि आनंद म्हणाल तर तो वेगात नसतोच. कोरड्या दिवशी सवयीने घेतलेलं वळण पावसात नव्याने वाचावं लागतं, वजन कुठे टाकायचं, ब्रेक कधी सोडायचा याचा दर क्षणी विचार होतो. ही एकाग्रता मला कोरड्या वाटेवर क्वचितच मिळते.

चिकणमातीचं गणित उलटं आहे. धो-धो कोसळत असताना चिखल निदान पातळ असतो, बराचसा धुऊन जातो. खरी अडचण पाऊस थांबल्यावर, अर्धवट वाळलेल्या मातीत. ती टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत थापली जाते, चाक अडतं आणि तसंच जोर लावून पेडल मारलं तर डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) मोडू शकतो. म्हणून चिकणमातीवर ‘आज नको, उद्या सकाळी जाऊ’ हा सुवर्णमध्य नाही. तिथे थांबायचं तर पुरतं वाळेपर्यंत थांबावं.

याला दुसरंही कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मऊ वाटेवर चाकोऱ्या पडतात, पुढचा पाऊस त्या चाकोऱ्यांतून वाहतो आणि माती घेऊन जातो. ओली वाट लवकर खराब होते, तेव्हा दुसरा पर्याय शोधा, असं १९८८ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनही सांगते. मागे वळून बघा: चाकाचा खोल ठसा उमटत असेल तर परत फिरा. डबकं उथळ असेल तर त्याच्या मधूनच जा. कडेकडेने गेल्याने वाट रुंद होत जाते.

धोक्यांच्या बाबतीत कोरडा दिवस सरस आहे, यात वाद नाही. ओली मुळं आणि लाकडी पूल सगळ्यात फसवे. ते शक्य तितके काटकोनात, हँडल सरळ ठेवून आणि ब्रेक न दाबता पार करावे लागतात. थंडीलाही कमी लेखू नका. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. चढावर घामाने आतून भिजलेला माणूस उतारावर वाऱ्यात पटकन गारठतो आणि बधिर बोटांना ब्रेक नीट दाबता येत नाही. विजा चमकत असतील किंवा वाटेतला ओढा फुगला असेल, तर तुलना करतच बसू नका, घरी थांबा.

खर्चही पावसाळी फेरीचाच जास्त. तेलात मिसळलेली बारीक वाळू साखळी आणि दातेरी चक्रं घासून काढते. डिस्क ब्रेकचे ऑर्गॅनिक (राळेने बांधलेल्या तंतूंचे) पॅड वाळूमिश्रित पाण्यात फार लवकर झिजतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड थोडा आवाज करतात, पण ओल्यात जास्त टिकतात. घरी आल्यावर सायकल धुणं टाळता येत नाही, मात्र जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, पाणी आत शिरतं.

नवशिक्यांनी पहिली पावसाळी फेरी ओळखीच्या, निचऱ्याच्या वाटेवर करावी. अनोळखी उतार कोरड्या दिवसासाठी ठेवावा. निघायचं ठरलं, तर टायरमधली हवा नेहमीपेक्षा २-३ पीएसआय कमी करा (ट्यूब असेल तर जपून, दगडावर आपटून ती फाटू शकते). साखळीला ओल्या हवेसाठीचं वंगण लावा, पारदर्शक काचेचा चष्मा घ्या, कोरड्या हातमोज्यांची एक जोडी पिशवीत टाका आणि मधूनच घरी वळता येईल असा लहान फेरा निवडा.