चुन्याचं प्लास्टर : नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात पावसाळा काढल्यानंतर

वॉटरप्रूफ पुट्टीची वॉरंटी कागदावर पाच वर्षांची. पहिल्याच श्रावणात माजघराच्या भिंतीचे पोपडे गळायला लागले. कंपनीचा माणूस आला, भिंतीला यंत्र टेकवलं आणि सांगून गेला, ओल आतून आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, ओल आतून आहे म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं होतं! त्या रागात सगळं खरवडून काढलं आणि चुन्याचं प्लास्टर करून घेतलं.

घर पणजोबांचं. भाजक्या विटा, चुन्यातली जुडाई, सागाच्या कड्या, वर कवेलू. काळ्या मातीतलं पाणी पायातून भिंतीत चढायचं आणि चुन्यातून वाळून जायचं. पुढे आजोबांनी मागे स्लॅबच्या खोल्या काढल्या, काकाजींनी सारवलेल्या अंगणात कोबा केला, बाबांनी आतबाहेर सिमेंटचं प्लास्टर केलं, त्यावर ऑइलपेंट. प्रत्येकाने घर मजबूतच करायला पाहिलं. पण भिंतीला वाळायला जागा उरली नाही. पाणी सिमेंटमागे कोंडून वर सरकत गेलं. आजीच्या काळी गुडघ्याएवढी असलेली ओल खिडकीच्या चौकटीला लागली. पाण्यासोबत येणारे क्षार प्लास्टरमागे स्फटिक होऊन फुगतात आणि पोपडे ढकलतात. लोणा तो हाच. त्यावर कितीही महाग पुट्टी लावा, पडणारच.

कळीचा चुना विरवून पाण्याखाली मुरवला, वाळू आणि सुरखी (भाजक्या विटांची पूड) घालून पातळ थरांत चढवला. काम दिवाळीनंतर काढलं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, हे कोणी करू नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो. भरभर वाळला तर भुगा होतो. मिस्त्री शोधण्यातच जीव मेटाकुटीला आला.

हिवाळाभर माझं मत वाईटच होतं. टेकलं की शर्ट पांढरा, आणि खर्च सिमेंटपेक्षा बराच जास्त. पावसात भिंतीवर ओल पुन्हा दिसली तेव्हा पैसे पाण्यात गेले असंच घरात सगळे म्हणाले. पण पोपडा एकही सुटला नाही. गणपती उठले, ऊन पडलं, तसा डाग फिका होत गेला. एरवी होळीपर्यंत राहणारा कुबट वास दसऱ्याला नव्हता. आता मत पक्कं आहे : पैसे वसूल.

मात्र चुन्याने ओल थांबत नाही, ती फक्त वाळते. म्हणून भिंतीलगतचा हातभर कोबा फोडून तिथे गिट्टी भरली, पन्हाळीचं पाणी लांब काढलं. ओलीची रेघ खरी उतरली ती त्यानंतर. ऑइलपेंट आता कायमचा बंद, फक्त चुन्याची सफेदी. ती वरचेवर करावी लागते, पण स्वस्त आहे.

स्लॅबच्या खोल्यांना हात लावला नाही. त्यांची जुडाई सिमेंटची, तिथे चुन्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. तुम्हीही आधी विटांमधली सांध खिळ्याने खरवडून बघा. पांढरा, मऊ भुगा निघाला तरच मिस्त्री शोधायला लागा.