पॉटी खुर्ची घ्यावी की कमोडवरची रिंग?

मूल शी-शू आधीच सांगायला लागलं की फ्लॅटमधल्या आईबाबांपुढे हा प्रश्न येतोच. आमच्याकडे थोरलीला खुर्ची होती, धाकट्याला रिंग, म्हणजे कमोडच्या सीटवर ठेवायची लहान भोकाची बैठक. त्यामुळे दोन्हींबद्दल थोडं अनुभवाने सांगता येईल.

खुर्चीची बाजू भक्कम आहे. मूल आपलं आपण बसतं, उठतं. पाय जमिनीला टेकलेले आणि गुडघे वर, म्हणजे जवळपास उकिडवंच, आणि पोट साफ व्हायला हीच बैठक सोयीची. फ्लशच्या आवाजाचा धसका नाही, आत पडायची भीती नाही.

पण खुर्चीतलं भांडं रिकामं कोण करणार? माझं घोडं इथेच अडलं. कितीही छान बसली तरी शेवटी हाक यायचीच, "बाबा, झालीऽऽ!" मग भांडं न हिंदकळता कमोडपर्यंत न्या, ओता, विसळा, पुसा. 'लहान मुलांच्या शीची कसली घाण' असं घरातली मोठी माणसं प्रेमाने म्हणतात, पण रोगजंतू तिच्यातही मोठ्यांइतकेच असू शकतात, म्हणून बेसिनमध्ये विसळून भागत नाही. सकाळची ऑफिसची घाई आणि त्यात सोसायटीचं पाणी ठरावीक वेळ, तेव्हा हे काम अगदी जिवावर येतं. मला जास्त खटकायचं ते वेगळंच. बसणं तेवढं मुलीचं, पुढचं सगळं माझं. शी हॉलच्या कोपऱ्यात आणि साबण आत बाथरूममध्ये, त्यामुळे हात धुणं हमखास राहायचं. पुढे खुर्ची सोडवून कमोडवर आणणं हे पुन्हा नव्याने शिकवणंच झालं, कारण बालवाडीत खुर्ची कुठून असणार?

रिंगमध्ये मात्र बसणं, धुणं, फ्लश, हात ही सगळी साखळी एकाच जागी जुळते. धाकट्याला ती लवकर अंगवळणी पडली असं मला तरी वाटतं. प्रत्येक मुलाचं तसंच होईल असं नाही. रिंगची खोड म्हणजे पाय लोंबकळतात. पायाला आधार नसला की जोर करता येत नाही, मूल शी धरून ठेवतं आणि बद्धकोष्ठ जडतो. म्हणून रुंद बुडाचा, ओल्या फरशीवर न सरकणारा पाट हवाच. तो घेणार नसाल तर खुर्चीच बरी. तोच पाट मग बेसिनपाशीही कामाला येतो.

धुवायला जेटपेक्षा लहान मग द्या. जेटचा जोर मुलांना आवरत नाही, शिवाय डिसेंबरच्या सकाळी पुण्यातलं गार पाणी अंगावर उडालं की मूल आत जायलाच कुरकुरतं. मुलींना पुढून मागे धुवायला पहिल्यापासून शिकवा, म्हणजे शीचे जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. हात साबणाने 20 सेकंद; एक ते वीस आकडे सावकाश म्हणून घ्या.

सकाळी एका बाथरूमला चार माणसं असतील किंवा मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर खुर्ची घ्यायला माझी हरकत नाही. एरवी मी रिंग आणि पाटच घेईन. जूनमध्ये शाळा असेल तर होळीनंतर सुरुवात करा, तेव्हा चड्ड्या पटापट वाळतात. जेवणानंतर थोड्या वेळाने बसवा. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्यामुळे तेव्हा शी व्हायची शक्यता जास्त. पाच-दहा मिनिटांत नाही झाली तर उठू द्या.