इंदिरा किटच्या नावानं अंगठा घेतला आणि खात्यातले गृहलक्ष्मीचे पैसे गेले

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या सगळ्या मराठी बायामाणसांनी हे वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आमच्या गावात (खानापूर तालुका, नाव लिहीत नाही, बायकांना अजून लाज वाटतेय) एक माणूस रेशनच्या इंदिरा किटची नोंदणी करतो म्हणून घरोघर फिरला, प्रत्येकीकडून २०० रुपये घेतले, छोट्या मशीनवर अंगठा घेतला, आणि नंतर कळलं की त्याच अंगठ्यावर खात्यातले पैसे काढलेत. माझ्या आईचे ८,००० गेले. गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकारकडून घरातल्या बाईला महिन्याला येणारे २,००० तिनं हात न लावता ठेवले होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी.

आता बाहेरचे लोक म्हणतात बायका भोळ्या आहेत, तर तसं अजिबात नाही, आधी काय काय झालंय ते बघा. २०२३ च्या कर्नाटकातल्या निवडणुकीत माणशी १० किलो तांदूळ फुकट देणार असं काँग्रेसचं आश्वासन होतं. त्यातले ५ किलो केंद्राचे, अन्नसुरक्षा कायद्यानं मिळणारे, वरचे ५ राज्याचे. त्यांचं सरकार आलं आणि जूनमध्ये केंद्रानं राज्यांना तांदूळ विकणंच बंद केलं, मग जुलैपासून तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यात यायला लागले, ते पण कधी आले कधी महिने महिने थांबले. फेब्रुवारी २०२५ ला परत पैसे बंद, तांदूळ सुरू. मधेच नोव्हेंबर २०२४ मध्ये बीपीएल (गरिबांची) रेशन कार्डं रद्द करायला लागले, एवढा गोंधळ झाला की सरकारला मागं यावं लागलं. आणि ऑक्टोबर २०२५ ला ठरलं की जादाच्या ५ किलोच्या जागी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असं इंदिरा किट देणार. म्हणजे अडीच वर्षांत तांदूळ, पैसे, परत तांदूळ, आता किट. प्रत्येक वेळी बँक खातं आधारला जोडा, केवायसी करा, थंब द्या. अशा घरात एक माणूस फाईल घेऊन येऊन म्हणतो "मावशी, किटची नोंदणी करायची राहिलीय, नाही केली तर कार्ड एपीएलमध्ये जाणार", म्हणजे फुकट धान्य बंद, तर खरं का वाटू नये? त्यानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट टीव्हीवर आलेली होती की!

दुसरं म्हणजे मदत घरापर्यंत येते याची आमच्याकडं सवय आहे. २०१९ च्या पुरात आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मंडळाची पोरं तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी दारात ठेवून गेली होती, कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी आधार कार्ड बघितलं नाही. हा माणूस पण तसाच बोलला, चांगलं मराठी, चहा घेतला, आईला मावशी म्हणाला, कुणाच्या घरात किती माणसं ते त्याला आधीच माहीत होतं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, की लोकांनी चांगल्या मनानं केलेल्या कामावर बसलेला विश्वास त्यानं वापरला.

आता नेमकं केलं कसं ते नीट वाचा, इथंच सगळं आहे. त्यानं आधार नंबर लिहून घेतला आणि विचारलं "गृहलक्ष्मीचे पैसे कुठल्या बँकेत येतात?" किटच्या नोंदणीला बँक कशाला लागते हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, कारण १७० रुपयांच्या वेळी बँक लागलीच होती. मग मशीनवर अंगठा लावायला सांगितला. "एरर येतंय, नेटवर्क नाही, परत लावा." परत लावला. त्या प्रत्येक अंगठ्याला पैसे निघत होते. आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे, एईपीएस म्हणतात, गावातला बँक मित्र पेन्शन देतो तीच, तिला आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच पुरतं. ओटीपी नाही, पिन नाही, एटीएम कार्ड नाही. ज्यांना फॉर्म भरता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ती सोय केलीय, आणि लुटलं त्यांनाच.

जाताना त्यानं शिक्का मारलेली कन्नड पावती दिली. आईनं ती देवाजवळ जपून ठेवलेली. माझा भाचा कन्नड शाळेत जातो, त्यानं वाचली तर ती पाणीपट्टीच्या फॉर्मची झेरॉक्स! गावातल्या अर्ध्या बायकांकडं तोच कागद. बँकेचा मेसेज आला होता तो पण इंग्रजीत, आणि मोबाईल भावाकडं पुण्यात. जिथं पंधरा टक्क्यांहून जास्त लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या हे केंद्रानं १९५६ पासून मान्य केलंय, आमच्या गावात तर जवळपास सगळे मराठी. किट कधी येणार, नोंदणी लागते का नाही, हे मराठीत चार ओळी लिहून रेशन दुकानाच्या भिंतीवर लावलं असतं तर तो माणूस पहिल्याच दारातून परत गेला असता. फुकट धान्य द्यायचं जाहीर करता ना, मग ते कसं मिळणार हे पण कळेल असं सांगायला नको का?

बँकेत गेलो तर म्हणाले अंगठा तुमचाच आहे, आम्ही काय करणार. ऐकू नका हे. लेखी तक्रार द्या, त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या, पासबुक भरून आणा, त्यात एईपीएसची एन्ट्री दिसते. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार दिली आणि चूक तिसऱ्याच कुणाची असेल तर तोटा ग्राहकावर टाकता येत नाही. बँक वाद घालते, तरी तारीख कागदावर असू दे. त्याच्या आधी १९३० ला फोन करा, सायबर गुन्ह्याचा नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही खानापूरला पोलिसात पण दिलंय, बायका एकत्र गेल्या म्हणून तक्रार घेतली, एकटीला उद्या या म्हणत होते. पैसे अजून आलेले नाहीत.

रेशन कार्डाची केवायसी रेशन दुकानातच होते आणि तिला एक रुपया लागत नाही. कुणी मागितला तर १९६७ ला सांगा, फूड खात्याचा टोल फ्री नंबर आहे. धान्यासाठी अंगठा फक्त दुकानातल्या मशीनवर द्यायचा, घरात, देवळात, झाडाखाली कुणाच्या मशीनवर नाही, मग तो ओळखीचा का असेना. आणि घरात कुणी शिकलेलं असेल तर आजच आधारच्या सरकारी अ‍ॅपवरून म्हाताऱ्यांचे बायोमेट्रिक लॉक करा, रेशनला किंवा पेन्शनला जाताना तेवढ्यापुरतं उघडता येतं. मोबाईल आधारला जोडलेला पाहिजे त्याला, नसेल तर आधार केंद्रात जाऊन आधी तो जोडून घ्या. थोडी कटकट आहे पण करा.

आईनं त्या दिवसापासून रेशन आणायला जाणं सोडलंय, अंगठा लावायची भीती बसलीय. मीच बेळगावहून येऊन तिला सोबत घेऊन जाते, नाहीतर तिच्या हक्काचा तांदूळ पण बुडायचा. तुमच्या शेजारी अशी कुणी गप्प बसलेली असेल तर तिला विचारा, बऱ्याच जणींनी घरात सांगितलेलंच नाही.

माणूस पस्तीस-चाळीसचा, गळ्यात आयडी कार्ड अडकवलेलं, काळी बाईक, हातात निळी फाईल. सांगतो जोयड्याकडचा आहे, खरं काय माहीत नाही. जांबोटी, नंदगड, लोंढा भागात कुणाकडं आला असेल तर त्याची पावती फेकू नका, खानापूर पोलिसात आमच्या तक्रारीला जोडायची आहे.