स्वस्त हप्ता आणि विम्यातून गळलेली तीन वर्षे

मी मूळची मिरजेची. तिथेच नर्सिंग शिकले, काही वर्षे वॉर्डात काम केले आणि पुढे टेक्सासमध्ये येऊन नर्स प्रॅक्टिशनर झाले. येथे नर्स प्रॅक्टिशनर रुग्ण तपासते, निदान करते आणि डॉक्टरांबरोबर झालेल्या लेखी करारानुसार औषधेही लिहून देते. त्यामुळे निदान चुकल्याचा दावा झाला, तर तो तिच्या स्वतःच्या नावावरही होऊ शकतो. मार्च २०१८ पासून मी ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये काम करत होते. मी पगारदार नसून कंत्राटावर होते आणि क्लिनिकच्या विम्यात माझे नाव नव्हते, म्हणून मला स्वतःचा मालप्रॅक्टिस विमा घ्यावा लागला.

तो ज्यांनी काढून दिला, ते एजंट मराठीच. गणेशोत्सवात ओळख झाली, घरी येणे-जाणे सुरू झाले आणि मी त्यांना दादा म्हणू लागले. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला लोकांना सावध करायचे आहे ते त्यांनी वापरलेल्या पद्धतीपासून, आणि ती पद्धत दुसरा कोणीही वापरू शकतो.

हा विमा दोन प्रकारचा असतो. ‘ऑकरन्स’ प्रकारात घटना घडली त्या दिवशी पॉलिसी चालू असली की पुरते. दावा पुढे कितीही वर्षांनी आला तरी तीच पॉलिसी उभी राहते. ‘क्लेम्स-मेड’ प्रकारात मात्र दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते आणि शिवाय घटना ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या ज्या तारखेपासूनचे काम विम्यात धरले जाते, त्या तारखेनंतरची असावी लागते. माझी पॉलिसी दुसऱ्या प्रकारची होती: दर दाव्यामागे जास्तीत जास्त १० लाख डॉलरचे संरक्षण, वर्षभरात मिळून ३० लाखांचे. पहिल्या वर्षी या प्रकाराचा हप्ता अगदी कमी असतो, आणि मागे जमा होणाऱ्या कामाची जोखीम जशी वाढते तसा तो साधारण पाचव्या वर्षापर्यंत चढत जातो. हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. मी फक्त हप्ता वाढताना पाहत होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नूतनीकरण जवळ आले, तेव्हा दादांचा फोन आला. दुसरी एक कंपनी जवळपास निम्म्या हप्त्यात अगदी हीच पॉलिसी देते, असे त्यांनी सांगितले. मी स्पष्ट विचारले, “मागची वर्षे त्यात धरलेली आहेत ना?” ते म्हणाले, “ताई, सगळे जसेच्या तसे आहे, तुम्ही फक्त सही करा.” अर्ज फोनवर आला. दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत, पिवळ्या खुणा केलेल्या जागी बोट लावत मी सह्या केल्या. त्याच अर्जाच्या आतल्या पानावर, मागील कामासाठी संरक्षण नको, या चौकटीत आधीच खूण केलेली होती. ती मी केली नव्हती, पण खाली सही माझी होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये एका वकिलाचे पत्र आले. टेक्सासच्या कायद्यानुसार वैद्यकीय हलगर्जीपणाचा दावा दाखल करण्याआधी किमान ६० दिवस लेखी नोटीस द्यावी लागते. ते पत्र म्हणजे तीच नोटीस होती, आणि ती डिसेंबर २०१९ मध्ये मी तपासलेल्या एका रुग्णाबद्दल होती. नव्या कंपनीने कळवले की पॉलिसीची रेट्रोॲक्टिव्ह डेट १ मार्च २०२१ आहे, म्हणून ही घटना तिच्या कक्षेत येत नाही. जुन्या कंपनीने कळवले की पॉलिसी संपल्यानंतर दावा कळवण्याची मुदत ६० दिवसांची होती आणि ‘टेल’ विकत घेण्याची संधीही त्याच काळात होती. टेल म्हणजे क्लेम्स-मेड पॉलिसी बंद झाल्यावर जुन्या कामासाठी एकदाच पैसे भरून घ्यायचे संरक्षण. त्याची किंमत बहुधा वार्षिक हप्त्याच्या दीड ते अडीच पट पडते. ती घ्यायची असते, हेच मला माहीत नव्हते.

हप्ता निम्मा का झाला, हे तेव्हा कळले. नव्या कंपनीच्या हिशेबात मी पहिल्याच दिवशी कामाला लागलेली नर्स होते. मी स्वस्त पॉलिसी घेतली नव्हती, तर माझी तीन वर्षे वगळलेली पॉलिसी घेतली होती, आणि एजंटाला नव्या ग्राहकाचे कमिशन मिळाले होते. त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी ‘दादा’ म्हणून नव्हे, तर अगदी व्यवहारी आवाजात सांगितले की अर्जावर सही तुमची आहे.

त्या रुग्णाच्या वकिलाने कागदपत्रे तज्ज्ञाला दाखवल्यानंतर पुढे दावा दाखल केला नाही. तरी त्या काही महिन्यांत माझ्या वकिलाची फी मी साठवणीतून भरली, आणि रोज नोंदी लिहिताना हात थरथरायचा, ते वेगळेच. टेक्सासच्या विमा विभागाकडे मी तक्रार केली. एजंटाने उत्तरादाखल माझी सही असलेला अर्ज जोडला. आमचे बोलणे फोनवर झाले होते. लेखी एक ओळही माझ्याकडे नव्हती.

म्हणून ज्या बहिणी आणि भाऊ येथे नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एजंट जे सर्टिफिकेट पाठवतो, त्यावर विसंबू नका. ते केवळ माहितीसाठी असते आणि त्याने कोणताही हक्क मिळत नाही, असे त्यावरच छापलेले असते. पॉलिसीचे ‘डेक्लरेशन्स पेज’, म्हणजे तारखा आणि मुख्य तपशील असलेले पान, मागवा आणि त्यावरची रेट्रोॲक्टिव्ह डेट दरवर्षी जुन्या पानाशी ताडून पाहा. कंपनी बदलत असाल, तर ईमेलने एवढेच विचारा: “माझी रेट्रोॲक्टिव्ह डेट तीच राहणार आहे का? नसेल, तर टेलची किंमत किती आणि ती घेण्याची शेवटची तारीख कोणती?” उत्तर लेखी येईपर्यंत सही करू नका. नोकरी देणारा विमा भरत असेल, तर नोकरी सुटल्यावर टेलचे पैसे कोण भरणार, हे करारातच लिहून घ्या.

आता माझ्याकडे ऑकरन्स पॉलिसी आहे आणि तिचा हप्ता जास्त आहे. मागच्या तीन वर्षांसाठी वेगळे संरक्षण मिळते का, याची मी अजून चौकशी करते आहे. मोठ्या माणसांसाठी टेक्सासमध्ये दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, पण लहान मुलांच्या बाबतीत ती बरीच लांबते. आणि २०१८ ते २०२१ या काळात त्या क्लिनिकमध्ये ताप, कानदुखी आणि खोकल्याची कितीतरी लहान मुले मीच तपासली होती.