समुद्रघोड्यांसाठी उंच टँक की चार फुटी टँक?

आधी कायद्याचं. भारतात २००१ पासून समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्याच कुळातले पाइपफिशही. कोकणात जाळ्यात चुकून आलेला जिवंत समुद्रघोडा घरी आणणं हा गुन्हा आहे. 'मग पाइपफिश चालेल का?' याचंही उत्तर नाही असंच आहे. त्यामुळे पुढचा मजकूर अमेरिकेत राहणाऱ्या, टँकमध्येच जन्मलेली पिल्लं रीतसर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. जात धरली आहे हिपोकॅम्पस इरेक्टस. शेपूट सरळ धरली तर साधारण १५ ते १९ सेंमी, थंडावलेल्या पाण्याची सवय असलेली आणि नवख्यालाही झेपणारी.

| | उंच टँक | चार फुटी टँक |
|---|---|---|
| माप (लांबी × रुंदी × उंची) | ६० × ४५ × ६५ सेंमी | १२२ × ४६ × ५३ सेंमी |
| पाणी | सुमारे १७५ लिटर | सुमारे २८४ लिटर (७५ गॅलन) |
| जोड्या | २ | ४ |
| भरल्यावर वजन, स्टँड सोडून | सुमारे २४० किलो | सुमारे ३९० किलो |
| आठवड्याचा पाणीबदल | ३५ लिटर, सव्वा किलो मीठ | ४० लिटर, दीड किलो मीठ |

उंच टँक बहुतेक वेळा करवून घ्यावा लागतो. चार फुटी दुकानात तयार मिळतो आणि वापरलेलाही स्वस्तात सापडतो.

उंचीचा हट्ट दिसण्यासाठी नाही. नर-मादी शेपट्या गुंफून पाण्यात वर चढतात आणि त्या चढतीतच मादी नराच्या पिशवीत अंडी सोडते. उंची कमी पडली की अंडी खाली सांडतात. प्रौढाच्या लांबीच्या तिप्पट पाणी हवं, हा रूढ हिशेब. १७ सेंमीच्या प्राण्याला ५१ सेंमी. चार फुटी टँकची उंची ५३, पण वरची ३ सेंमी रिकामी आणि तळाला २ सेंमी वाळू धरली तर उरतात ४८. म्हणून त्यात वाळू नकोच, किंवा जेमतेम तळ झाकेल इतकी. उंच टँकमध्ये हा प्रश्न येत नाही. मात्र ६५ सेंमी खोल तळ साफ करताना हात खांद्यापर्यंत भिजतो. लांब चिमटा आधीच घेऊन ठेवा.

खरा निर्णय होतो तो खाण्यावर. समुद्रघोड्याला जठर नसतं. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवून, धुवून द्यावे लागतात, आणि त्या प्रमाणात घाणही होते. इथे जास्त पाणी कामी येतं: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएमच्या आत ठेवणं २८४ लिटरमध्ये सोपं. पण समुद्रघोडा भक्ष्यामागे धावत नाही, समोर आलेलं नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. चार फुटांत विखुरलेले मायसिस दगडामागे जाऊन कुजतात. तेव्हा काचेची उथळ वाटी एका कोपऱ्यात ठेवून तिथेच नळीने खाणं सोडायची सवय लावा. देताना पंप बंद, अर्ध्या तासाने उरलेलं शोषून बाहेर. उंच टँकमध्ये तळ लहान असल्याने खाणं आपसूक तोंडासमोर राहतं.

तापमान २१ ते २३ अंश सेल्सिअस. २५ च्या वर व्हिब्रिओसारखे जिवाणू जोर धरतात आणि शेपटीवर, तोंडाच्या नळीवर पांढरे चट्टे दिसू लागतात. पाण्याचा उघडा पृष्ठभाग चार फुटी टँकमध्ये दुप्पट असल्याने पंख्याने बाष्पीभवन करून दोनेक अंश खाली आणणं त्यात जास्त साधतं. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओचं गोडं पाणीच घालायचं, नाहीतर क्षारता चढते (विशिष्ट गुरुत्व १.०२४ च्या आसपास ठेवा). उन्हाळा कडक असेल तर दोन्हीकडे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. उंच टँकला लहान पुरतो.

चार फुटी टँक घ्यायचा तर संपसकटच (टँकखाली ठेवलेली, नळ्यांनी जोडलेली दुसरी टाकी) घ्या. संप नसेल तर स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर, पंप सगळं टँकमध्येच येतं, आणि समुद्रघोडा जे दिसेल त्याला शेपूट गुंडाळतो: हीटरला गुंडाळली तर भाजते, उघड्या पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) तोंडाशी गेली तर ओढली जाते. संप असला की हे सगळं खाली जातं. त्याचीही दोन दुखणी आहेत. पाणी उतरण्याच्या खाचांवर जाळी हवी, आणि ती शेवाळाने तुंबली तर पाणी जमिनीवर येतं, आठवड्याला घासा. वीज गेल्यावर वरचं पाणी खाली उतरतं, म्हणून संप कधीच काठोकाठ भरू नका. पंपाच्या शोषण बाजूने हवा आत खेचली जात नाही ना, हे मात्र दोन्ही टँकमध्ये पाहायचं. दाबाखाली विरघळलेली हवा वायूचे फुगे होण्याच्या आजाराला आमंत्रण देते.

उंच टँकला मागे लटकवायचा स्किमर, फोमने झाकलेला पॉवरहेड आणि हीटरला प्लास्टिकची जाळी पुरते. प्रवाह अगदी मंद ठेवण्याचा जुना सल्ला विसरा. तासाला टँकच्या दहापट पाणी फिरावं, फक्त एक कोपरा शांत असावा.

शेपटीने धरायला गॉर्गोनियन (फांद्या असलेलं झुडपासारखं प्रवाळ) किंवा ग्रॅसिलेरिया शेवाळ द्या. कॉलर्पा शेवाळ झपाट्याने वाढतं, पण छाटलं नाही तर अचानक विरघळून पाणी नासवतं. अ‍ॅनिमोनी, डंख मारणारे प्रवाळ आणि खेकडे दोन्हींत वर्ज्य. मोठ्या टँकमध्ये एखादा मासा सोडण्याचा मोह होतो. चपळ मासा वाटीतलं खाणं आधी संपवतो.

भाड्याचं लाकडी जमिनीचं घर, पहिलीच खाऱ्या पाण्याची टाकी, एक-दोन जोड्या: उंच टँक. तळमजला, काँक्रीटची जमीन, संपची नळजोडणी जमणारा माणूस आणि तीन-चार जोड्या: चार फुटी. वरच्या मजल्यावर चार फुटी ठेवायचाच असेल तर तो जमिनीखालच्या तुळयांना आडवा, भक्कम भिंतीलगत. टँक कोणताही असो, चार ते सहा आठवडे पाणी भरून पण प्राणी न सोडता चालवा, आणि अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया-नायट्राइट शून्यावर येतात हे दिसल्यावरच पहिली जोडी आणा.